दीड श्रावण आणि एक फुगडी

रायपुरात मराठी घरी जन्माला येण्याचे फायदे तसे मोजकेच, पण एक मात्र जबरदस्त आहे. इथे श्रावण दोनदा लागतो.

आमच्या आजूबाजूच्या सगळ्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. देवळावर भोंगे लागतात, सोमवारी पहाटेपासून पाण्याचे तांबे घेऊन बायका रांगेत उभ्या राहतात, आणि आमची आई खिडकीतून बघत म्हणते, "आपला अजून पंधरा दिवसानं हाय." मग हरेलीची अमावास्या येते. त्या दिवशी शेजारी दारांना कडुनिंबाच्या डहाळ्या खोचतात, आई दिवे घासून पुजते, आणि दुसऱ्या दिवसापासून आमचा श्रावण. त्यांचा राखीला संपतो, आमचा पोळ्याला. दोन्ही जोडले तर सलग दीड महिना होतो. ही बेरीज मला पंधराव्या वर्षी सुचली तेव्हा मी गच्चीवर एकटीच टाळ्या पिटत नाचले होते.

कारण मला पोळ्याच्या आत बारीक व्हायचे होते. थोडेबहुत नाही, चांगले सणसणीत. आणि कारण होते फुगडी.

इथली फुगडी वेगळी, हे आधीच सांगून टाकते. आपल्याकडे दोघी हात गुंफून गरगर फिरतात. छत्तीसगडात मुली उकिडव्या बसतात आणि बसल्या बसल्याच उड्या मारत पाय बदलतात, एक पुढे, एक मागे, हातही त्याच तालात. बूड टेकले की बाद. जी शेवटपर्यंत टिकेल ती जिंकली. बघायला गंमत वाटते, करायला गेलात तर मांड्या दोन मिनिटांत तुम्हाला शिव्या घालायला लागतात. आमच्याकडे पोळ्याच्या दुपारी आसपासच्या पाऱ्यांची, म्हणजे मोहल्ल्यांची, चुरस लागायची. प्रत्येक पाऱ्याची एक टीम. आमच्या टीमची कॅप्टन होती शेजारची दीदी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची, काटक, शब्द मोजून बोलणारी. तिच्या टीममध्ये असणे म्हणजे काय होते ते मी आता कोणाला समजावू शकणार नाही. शाळेत पहिला नंबर आला असता तरी मला इतके वाटले नसते.

पावसाळ्याच्या सुरुवातीला तिने गच्चीवर सगळ्या मुलींना बसवून पाहिले. मी पाय बदलले, पुन्हा बदलले, आणि धप्प! खालच्या मजल्यावरून बाबा ओरडले, "काय पडलं वं?" सगळ्या मुली लोळून लोळून हसल्या. मीही हसले, कारण आवाज खरोखरच जोरदार आला होता. दीदी तेवढी हसली नाही. माझी धाप थांबेपर्यंत ती उभी राहिली आणि म्हणाली, "अभी रिज़र्व में रह. पोला तक दम बना ले, फिर देखते हैं."

रिझर्व! त्या रात्री मी जेवले नाही असे सांगायला आवडले असते, पण जेवले. आईने पातोड्यांची भाजी केली होती.

आता अडचण अशी होती की आमच्या घरात डायटिंग हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. मी ताटात एक पोळी कमी घेतली तरी आई माझ्या कपाळाला हात लावून ताप बघायची. "वाढतं वय हाय, खाऊन घ्ये." पण उपास? उपासाला आमच्याकडे केवढा मान! उपास आहे म्हटले की आई आवाजसुद्धा खाली आणायची. म्हणून गुरुपौर्णिमेच्या रात्री मी देवापुढे उभी राहून जाहीर केले की यंदा मी दोन्ही श्रावण करणार. हिंदी पण, मराठी पण. सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय एकादश्या आणि चतुर्थ्या असतील त्या.

आईचे डोळे भरून आले. बाबा पेपरातून डोके न काढता म्हणाले, "हे पोट्टी संन्यास घ्येऊन राहिली का?"

माझा हिशेब अगदी साधा होता. आठवड्यातले निम्मे दिवस जेवायचे नाही, म्हणजे निम्मी मी उरणार. एवढ्या सुंदर हिशेबात एकच गोष्ट राहून गेली होती. उपासाचे आमच्या घरी बनते काय!

पहिल्या सोमवारी सकाळी साबुदाण्याची खिचडी आली. दाण्याच्या कुटात न्हालेली, वरून तूप, बाजूला दही. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. "लेकरू उपाशी हाय," म्हणत आई तिसऱ्यांदा वाढत होती. चारला राजगिऱ्याचे लाडू. पाचला दीदीच्या आईकडून थाळी आली, कारण त्यांच्याकडेही सोमवारचे व्रत, आणि शेजारची मराठी मुलगी आपला सावन पाळते म्हणून त्यांना माझे भारीच कौतुक. थाळीत साबुदाणा वडे, शिंगाड्याच्या पुऱ्या आणि खीर. संध्याकाळी उपास सोडायचा म्हणून पुन्हा गोडाधोडाचे जेवण. मला स्वतःचा अभिमान वाटत होता. इतका कडक उपास, आणि भूक म्हणून लागलेली नाही!

व्यायामाची बाजू बाबांनी सांभाळली. ते रेल्वेच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसणारे, पोट माझ्यापेक्षा एक पाऊल पुढे. "चाल मी पण येतो," म्हणाले. भल्या सकाळी आम्ही बापलेक निघायचो, छत्र्या घेऊन, झपझप. ही झपझप चाल कोपऱ्यावरच्या पोहे-जिलबीच्या ठेल्यापाशी येऊन आपोआप हळू व्हायची. बाबा खिसा चाचपत म्हणायचे, "चाललो ना आपण? मंग आता बसाले काय हरकत हाय?" उपासाच्या दिवशी मी नुसती बघत बसायचे, आणि उरलेल्या दिवशी काल बघितलेलेसुद्धा खाऊन घ्यायचे. येताना पाऊस आला तर रिक्षा.

हरेलीच्या दिवशी हिंदी श्रावणाचा अर्धा भाग यशस्वीपणे पार पडला, तेव्हा मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधल्या वजनाच्या मशीनवर मोठ्या थाटात उभी राहिले. उतरले. चपला काढून पुन्हा उभी राहिले. केसातला क्लिप काढला. भैयाला विचारले, मशीन बिघडली आहे का. भैयाने स्वतः चढून बघितले आणि म्हणाला, "मेरा तो सही बता रही है."

वजन वाढले होते. भक्तीने, नियमाने, दोन्ही घरांच्या आशीर्वादाने वाढले होते.

मी रस्त्याने हसत हसत आले. खरेच, रडू आधी आलेच नाही. आईने केवढ्या श्रद्धेने मला खाऊ घातले होते आणि मी केवढ्या निश्चयाने खाल्ले होते, ते आठवून मला हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या. घराच्या जिन्यात मात्र गच्चीवरून मुलींचा आवाज आला, दीदी ताल धरून टाळ्या देत होती, आणि मग डोळ्यांत पाणी आले. पोळा महिन्यावर आला होता आणि मी रिझर्वमध्येच होते.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. आमचा मराठी श्रावण लागला तो मी निरंकार करायचा ठरवला, म्हणजे दिवसभर पाण्याशिवाय काहीच नाही. आईला सांगायची हिंमत नव्हती, त्यामुळे खिचडीची ताटली मी घ्यायचे आणि बाबांच्या खोलीत नेऊन ठेवायचे. बाबा पहिल्या दिवशी म्हणाले, "हे बरोबर नाई बेटा." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "दही नाई आणलं?" शिवाय सकाळी दोरीवरच्या उड्या, संध्याकाळी गच्चीवर फुगडी, मधे जिना वर-खाली. मला वाटत होते मी हलकी झाले आहे, आता उडेन.

तिसऱ्या-चौथ्या उपासाच्या संध्याकाळी मी फुगडीला बसले आणि गच्ची माझ्याभोवती फिरायला लागली. आपली फुगडी आहे की इथली, तेच कळेना. दीदीने मला मागून धरले, सावलीला नेले, लिंबू-साखरेचे पाणी पाजले. ते पाणी इतके गोड लागले की मी ग्लास चाटला. ती एवढेच म्हणाली, "खाई क्या है सुबह से?" मी रिकामा ग्लास पुन्हा तोंडाला लावला. ती उठली आणि सरळ खाली माझ्या आईकडे गेली.

त्यानंतर घरात जो गोंधळ झाला तो पाच दारे सोडून ऐकू गेला असेल. "काहून वं! मी एवढी खिचडी करून राहिली, ते जाऊन कुठं राहिली?" मी बाबांकडे पाहिले. आईने बाबांकडे पाहिले. बाबा हळूच शर्टाचे बटण लावत होते, ते लागत नव्हते. "मी काय करू?" ते म्हणाले. "पोट्टी द्येत होती. अन्न टाकाव का?" आई इतकी चिडली होती की तिला हसू आले, आणि हसू आले म्हणून ती आणखी चिडली. मग तिने मला जवळ घेतले. "चक्कर येऊन गच्चीवरून पडली असती त?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघेही समता कॉलनीतल्या डॉक्टरबाईंकडे. बाईंनी मला तपासले, आईने केलेले दीड श्रावणाचे वर्णन शांतपणे ऐकून घेतले, आणि विचारले, "बेटा, व्रत भगवान के लिए रखा था, या वज़न के लिए?"

"दोनों के लिए," मी म्हटले.

"तो दोनों कन्फ्यूज़ हो गए," त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ त्यांचे हसू थांबेना. बाबाही हसायला लागले, तर त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "आप भी खड़े हो जाइए मशीन पर."

हसणे ओसरल्यावर मात्र बाईंनी मला खुर्ची ओढून समोर बसवले, आई-बाबांशी नाही, माझ्याशी बोलल्या. साबुदाणा, बटाटा, तूप, साखर यांत पोट भरते, पण ज्याने अंगात ताकद येते ते त्यात फारसे नाही. आणि काहीच न खाता उड्या मारल्या तर शरीर घाबरते, चरबीबरोबर स्नायूही जातात, मग फुगडी खेळणार कशाने? या वयात हाडे वाढताहेत, पाळी नियमित व्हायची आहे, तेव्हा उपाशी राहून घटवायचे नाही. वजन नुसते आहे तिथे थांबले आणि उंची वाढली तरी फरक दिसतो. ताटाच्या अर्ध्या भागात भाजी, उरलेल्यात डाळ आणि भात किंवा पोळी, भात सोडायचा नाही, डोंगर करायचा नाही. सकाळी काहीतरी खाऊनच निघायचे. खेळायच्या आधी एखादे केळे. रोज तासभर घाम येईल असे काहीतरी, पण जे करताना मजा येईल तेच, शिक्षा म्हणून नाही. झोप पुरी. "और मशीन पे रोज़ मत चढ़ना," त्या म्हणाल्या. "महीने में एक बार बहुत है."

मला हे सगळे पटले. प्रश्न आईचा होता. तिला डाळ-भाजी कळत होती, पण देवापुढे बोललेला उपास मधेच कसा मोडायचा? घरी आल्यावर ती हातपाय धुऊन देवघरासमोर गेली, पदर सावरून हात जोडले आणि एखाद्या नातेवाइकाशी बोलावे तशी बोलली, "हे पाह्य बावा, पोट्टीचे जेवढे राह्यले तेवढे माह्यावर टाक. तिले खाऊ दे." मग माझ्याकडे वळली. "झालं. चाल, जेवाले बस."

तेवढ्यावर दोन्ही श्रावण मिटले! बाबांनी मागून विचारले, "मंग खिचडी तुह्यासाठी होईन ना?" आई म्हणाली, "होईन. तुमच्यासाठी नाई."

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात जास्त हुंदडण्याचे दिवस होते. सकाळी मुगाचा चिला, म्हणजे धिरडे, त्यात आई भोपळ्यापासून पालकापर्यंत हाताला लागेल ते किसून-चिरून घालायची. कधी नाचणी, कधी मोड आलेली मटकी. ठेला सोडला नाही, पण बाबांनी रस्ता बदलला. आता आधी तळ्याला लांबचा वळसा आणि मग रविवारीच पोहे, जिलबी दोघांत एक. ती एक जिलबी अर्धी करताना आमची जी भांडणे व्हायची, त्यातही थोडा व्यायाम होत असणार. सुट्टीच्या दिवशी स्कूटरवर नव्या रायपुरला जायचो. तिथले रस्ते एवढे रुंद आणि एवढे रिकामे की मी मधोमध पळत सुटायचे, बाबा मागून हातात माझी पाण्याची बाटली घेऊन, "अवं थांब, मले दम लागला!" मला दम लागला नव्हता! हे लक्षात आले तेव्हा मी रस्त्यातच उभी राहून आरोळी ठोकली. एक गाय दचकून बाजूला झाली.

संध्याकाळी गच्ची. आई दोरीवरचे कपडे काढायच्या निमित्ताने वर यायची आणि कपडे काढून झाल्यावरही थांबायची. मी फुगडीला बसले की टाकीला टेकून टाळ्या द्यायची. कोणी बघत नाही असे वाटले की तिचा पाय साडीखाली तालात हलायचा. मांड्या दुखायच्या, पण ते दुखणे वेगळे, पोटात अन्न असतानाचे. सकाळी जिना उतरताना मी "आई गं" करायचे आणि हसायचे.

पोळ्याच्या दोन दिवस आधी दीदीने पुन्हा सगळ्यांना बसवले. मी टिकले. दोघी उठल्या, मी टिकले. दीदी माझ्यासमोर उकिडवी बसून माझा चेहरा बघत राहिली, आणि मी थांबले नाही तेव्हा तिनेच हात वर केला. "हव," ती म्हणाली. छत्तीसगडीतला होकार. एवढा एकच शब्द बोलली आणि जिना उतरून गेली. मी बाकीच्या मुलींच्या गळ्यात पडले, मग टाकीच्या, मग आईच्या.

पोळ्याला सकाळी पुरण शिजत होते. दीदीने निरोप पाठवला, पूरनपोली खाके मत आना. आईने तोडगा काढला. अर्धी आता, दूध घालून, उरलेल्या जिंकून आल्यावर. "हरली त?" मी विचारले. "मंग पण," आई म्हणाली.

देवळासमोरच्या मैदानात मातीचे बैल घेऊन लहान मुले फिरत होती, ठेठरी-खुरमीच्या, म्हणजे इथल्या तळलेल्या फराळाच्या, परड्या उघडल्या होत्या, पाऊस नुकताच थांबलेला. आम्ही मुली गोल करून बसलो. शिट्टी झाली. पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. समोरची एक मुलगी पहिल्याच झटक्यात बसली, म्हणजे पहिली मी नव्हते. नंतर भराभर उठल्या. दीदीचा पाय ओल्या मातीत घसरला आणि तीही बाद! आमच्या पाऱ्याची मी एकटीच उरले. समोर दुसऱ्या पाऱ्याची एक उंच मुलगी. मांड्या पेटल्या होत्या, पण छाती मोकळी होती, श्वास येत होता, जात होता, आणि मला वाटत होते की हे असेच संध्याकाळपर्यंत करावे. तेवढ्यात बाबा कबड्डीसारखे ओरडले, "पकड तिले, पकड!" मी आणि ती उंच मुलगी, दोघींनाही हसू फुटले. मी आधी पडले.

दुसरी! मी चिखलात पाय पसरून बसले आणि दीदीने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की तो आजही बक्षीस म्हणून लक्षात आहे. पोळ्यापर्यंत वजन तसे फार उतरले नव्हते. पुढचे वर्षभर हळूहळू उतरत राहिले, आणि मी महिन्यातून एकदाच काट्यावर चढले, कधी कधी तेही विसरले.

मग दीदीने तोंडाला हात लावून हाळी दिली, "अब माँ लोग!" बायका लाजत, एकमेकींना ढकलत पुढे आल्या. दीदीची आई बसली. आणि मी बघते तो आमची आईही पदर कमरेला खोचून तिच्या शेजारी उकिडवी बसलेली. जी हळदीकुंकवाला नाव घ्यायलाही दहा वेळा नको म्हणते ती! एक पाय, दुसरा पाय, तिसरा, आणि धप्प. माझ्यासारखाच आवाज. मैदान हसले. आई सगळ्यांत जास्त हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मी धावत जाऊन हात दिला. तिने तो बाजूला सारला. ती अजून हसत होती, पण डोळ्यांतले पाणी थांबत नव्हते.

"लहानपणी गावात मले कोणी खेळाले घ्येतच नोते वं," ती म्हणाली. "जाडी हाय, पडन, म्हणत. बाजूले बसवून ठेवत."

मी पुन्हा हात पुढे केला.

"उठवू नको," आई म्हणाली. "पडली ना? पडू दे. सरक तिकडं, अजून एक डाव खेळू दे मले."

मी सरकले, पण फार नाही. तिच्याच शेजारी उकिडवी बसले.